साबण न लागलेली बाटली

मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत साबणात होते. नांदेडच्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी भांडी घासते, तिथे न्याहारी नुकतीच आटोपली होती आणि पोह्यांचं मोठं पातेलं मी आडवं करून घासत होते. फोन किशनरावांचा होता. मी आधी ज्या लॅबमध्ये कामाला होते, तिथले ते शिपाई. तीन वर्षांत त्यांनी कधी फोन केला नव्हता, म्हणून ओल्या हातानंच उचलला. "मावशी, उमा मॅडम गेल्या ओ. काल लातूरला. डोक्यात रक्तस्राव झाला, असं सांगायलेत सगळे." मी "हाव" म्हटलं. फोन ठेवला, पातेलं घासून पुरं केलं, विसळलं, पालथं घातलं... आणि मग लक्षात आलं, मी ते तीन वेळा विसळलं होतं. तीन वेळा विसळायची सवय मॅडमनी लावलेली.

त्याला आता पाच-सहा आठवडे झाले. मध्यंतरी पेपरच्या पुरवणीत मॅडमवर लिहून आलं. त्यांच्याबरोबर शिकलेल्या एका बाईंनी लिहिलं होतं, आणि चांगलं लिहिलं होतं. मॅडम किती हुशार, मोठ्या शहरातली नोकरी सोडून आपल्या भागात कशा परत आल्या, हाताखालच्या माणसांना कसं सांभाळून घ्यायच्या. मी ते दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा 'सांभाळून घ्यायच्या' या शब्दांपाशी थांबले. मी चौथी शिकलेली बाई आहे. चार माणसांत बोलायचं म्हटलं तर माझी जीभ उचलत नाही. लिहिताना समोर कुणी नसतं, तेवढं बरं. ही वहीसुद्धा मॅडमचीच. लॅबमधल्या फ्रीजरचं तापमान मी रोज लिहायचे, त्यासाठी आणलेल्या वह्यांतली ही एक उरली होती. "ने घरी, लेकीला होईल," म्हणाल्या होत्या. लेक सासरी गेली, वही कोरीच राहिली.

मी मूळची चाकूरजवळच्या खेड्यातली. लग्न होऊन नांदेडला आले, आणि लेक शाळेत जायला लागल्यावर त्या लॅबमध्ये बाटल्या-नळ्या धुवायच्या कामाला लागले. पहिले आठ दिवस मी नुसती घाबरलेली असायचे. सगळ्या बाटल्यांवर इंग्रजी. कुठली कशाची, कुणाला विचारायचं, विचारलं तर हसतील का... एक दिवस उमा मॅडम मोरीपाशी येऊन उभ्या राहिल्या. ठेंगण्या, चष्म्याच्या, वेणीला काळं रबर. म्हणाल्या, "कस्तुर, तुला वाचायची भीती वाटते न? मग आपण वाचायचंच नाही. खुणा करू." त्यांनी माझ्यासमोर सहा बाटल्या ठेवल्या. जाड, पांढुरक्या प्लास्टिकच्या, लिटरभर पाणी मावेल अशा. तशाच आणखी वीसेक बाटल्या मांडणीवर होत्या, त्या रोज साबणानं धुतल्या जायच्या. मॅडम म्हणाल्या, "या सहांना साबण शिवायचा नाही. कधीच नाही. नुसत्या चोख पाण्यानं तीन वेळा विसळायच्या. आमची अव्वा, म्हणजे आई, सोवळ्यात असते, त्याला आम्ही मडी म्हणतो. मडीतल्या बाईला कुणी शिवायचं नाही. तशा या सहा बाटल्या मडीत आहेत असं समज."

मला मडी माहीत होती, पण बाहेरून. लहानपणी आम्ही पाणी आणायला जायचो तेव्हा मडीतली बाई दिसली की आम्हाला लांब सरून उभं राहावं लागायचं. आमची सावली पडली तरी ती पुन्हा अंघोळ करायची. आणि इथे एक बाई मडी माझ्या हातात देत होती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. मी दुसऱ्या दिवशी नायलॉनच्या लाल दोऱ्याचं रीळ घेऊन आले आणि सहाही बाटल्यांच्या गळ्याला दोरा बांधला. गाठ कडब्याच्या पेंढीला मारतात तशी, दुहेरी, ओढून. दोन्ही टोकं काडीनं जाळून काळे मणी केले, म्हणजे उसवत नाही. मॅडमनी ओढून बघितलं. "अगं, ही गाठ आहे का कुलूप?" म्हणाल्या आणि खूप हसल्या.

साबणाचं एवढं काय, ते मला पुढे कळलं. मॅडमचं काम रक्तातल्या पेशींचं होतं. मास सायटोमेट्री हा शब्द त्यांनी माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतला होता. एकदा चहा पिताना त्यांनी समजावून सांगितलं. "रक्ताच्या एका थेंबात लाखो पेशी असतात. वरून सारख्या दिसतात. बाजारात पिशव्या घेऊन हजार बाया आल्या, तर कुणाच्या पिशवीत काय हे वरून कळंल का? मग आपण काय करतो, पेशीवर ज्या खुणा असतात त्या प्रत्येक खुणेला वेगळ्या धातूचा कण चिकटवतो. चाळीस खुणा, चाळीस धातू. पुण्याला ते मशीन आहे. ते पेशींचा बारीक फवारा करतं आणि एकेक पेशी आगीत सोडतं. सूर्याच्या अंगासारखी आग. पेशी जळून जाते, धातू उरतो. मग त्या धातूंची शर्यत. हलका आधी पोचतो, जड मागनं. कोण कधी पोचलं यावरून त्या एका पेशीवर काय काय होतं ते कळतं. सगळ्यांचं मिळून नाही, एकेकीचं."

मी विचारलं, "आन ती पेशी?"

"ती गेली. एकदाच सांगते आणि जाते."

"बिचारी," मी म्हटलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणून तर चूक चालत नाही. साबणात बेरियम नावाचा धातू असतो. बाटलीला तो कणभर राहिला तरी मशीनला जिकडे तिकडे तोच दिसतो. आपल्या खुणा त्याच्याखाली गाडल्या जातात. आणि पेशी तर जळालेल्या... परत विचारायला कुणी नाही."

तेव्हापासून मी त्या बाटल्यांवर मांजरीसारखी नजर ठेवायचे. रोज घरी जाताना सहा मोजायचे. एकदा मॅडमनी चहाचा कप त्या मांडणीवर ठेवला, तर मी न बोलता उचलून दुसरीकडे नेऊन ठेवला. "कस्तुर, तू माझी सासू आहेस काय गं?" मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "न्हाई मिळाली न तुम्हाला, म्हणून मीच." लॅबमध्ये मोठ्यानं बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असेल. सगळे हसले आणि मी लाजून मोरीकडे पळाले.

माझं रक्तही त्यांनी घेतलं होतं. पुण्याला नळ्या खेपेखेपेनं जायच्या. मशीन आज एक दाखवणार, महिन्यानं थोडं वेगळं. म्हणून प्रत्येक खेपेत एकाच माणसाच्या रक्ताची नळी घालायची, म्हणजे त्यावरून बाकीच्यांचा ताळमेळ बसतो. "दुकानदार वजनाचा लोखंडी गोळा ठेवतो तसं," मॅडम म्हणाल्या. "आजारी न पडणारं, खाडा न करणारं माणूस पाहिजे. मग तुझ्याशिवाय कोण?" माझ्या रक्ताच्या पेशींच्या बारीक बारीक नळ्या भरून त्या फ्रीजरमध्ये ठेवल्या. खूप होत्या. मी घरी येऊन लेकीला सांगितलं, मी वजनाचा गोळा झाले. तिला वाटलं, मी जाडीबद्दल बोलते आहे.

मग मुखेडचं काम निघालं. ज्या घरात टीबी होऊन गेला, पण रात्रंदिवस उशाशी बसूनही ज्या बाईला तो झाला नाही, अशा बायांच्या रक्तात काय आहे ते मॅडमना बघायचं होतं. मुखेड तालुक्यातल्या एका गावात आम्ही गेलो. मॅडम इतकं नीट समजावून सांगायच्या, पण बाया तोंडाला पदर लावून नुसत्या बघत राहायच्या. त्यांच्यात गयाबाई नावाची एक होती, नवरा आणि दीर दोघांची दुखणी काढलेली. ती म्हणाली, "रगत नेता न काय करता ओ त्याचं? इकता का?" मॅडम चष्मा पुसायला लागल्या. मला काय झालं कोण जाणे, मी बाही वर केली आणि म्हटलं, "माझं बी नेलंय. हे बघा. सांडू देणार न्हाई मी तुमचं." गयाबाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझं नेलं, तरी तू अशी ढोलाएवढी कशी?" सगळ्या बाया हसल्या. गयाबाईनं हात पुढे केला, तिच्यामागे अकरा जणींनी केला. परत येताना जीपमध्ये मॅडम म्हणाल्या, "कस्तुर, आज तुझ्या शब्दावर रक्त मिळालं. माझ्या नाही." मी कुणाला शब्द दिला आणि तो कुणी धरला, असं आयुष्यात आधी कधी झालं नव्हतं.

त्या नळ्या एका सोमवारी तयार करून पुण्याला पाठवायच्या होत्या. आदल्या शनिवारी मी दुपारी एकला निघाले. सहा बाटल्या मोजल्या, सहा होत्या. मॅडम मागे थांबल्या होत्या, लातूरची गाडी धरणार होत्या. त्यांच्या अव्वाच्या डोळ्याचं ऑपरेशन आदल्याच दिवशी झालं होतं. सोमवारी मी दहाला आले तर मॅडम सातपासूनच कामाला लागलेल्या. डोळे तांबरलेले, केस विस्कटलेले. बाराही बायांच्या आणि माझ्या पेशी धुवायचं पाणी त्यांनी त्याच सहा बाटल्यांत बनवलं होतं, सगळं उरकत आलं होतं. संध्याकाळी मी बाटल्या आवरायला घेतल्या. सहा होत्या. पण एकीच्या गळ्यातली गाठ माझी नव्हती. फुलासारखी, बुटाची बांधतात तशी सैल गाठ, टोकं न जाळलेली. मला वाटलं, दोरा निसटला असेल, मॅडमनी बांधला असेल. मी ती सोडून माझ्या पद्धतीनं बांधणार होते, पण त्या समोर बसल्या होत्या. त्यांनी बांधलेली गाठ त्यांच्यादेखत सोडणं बरं दिसलं नसतं. तशीच राहू दिली.

दोन-तीन आठवड्यांनी पुण्याहून कळलं की ती खेप सगळी वाया गेली. बाराही बायांच्या आणि माझ्या नळीत, जिकडे तिकडे बेरियम. माझं रक्त आधीच्या सगळ्या खेपांत नीट आलं होतं, म्हणजे दोष रक्ताचा नव्हता, पाण्याचा नाहीतर बाटलीचा होता. सहाही बाटल्या तपासल्या आणि एक सापडली.

लॅबच्या मोठ्या सरांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. टेबलावर ती बाटली. सैल फुलगाठवाली. सर म्हणाले, "या बाटलीला साबण लागलेला आहे. बाटल्या धुतं कोण?"

मॅडम म्हणाल्या, "कस्तुरमावशी."

पुष्कळदा मी हा प्रसंग मनात फिरवून बघितला आहे. मॅडम खोटं बोलल्या नाहीत. सरांनी विचारलं, धुतं कोण. मीच धुवायचे. त्यांनी माझं नाव सांगितलं आणि हातातल्या कागदांकडे बघत राहिल्या. सर मला म्हणाले, "मावशी, तुमचं शिक्षण?" मी म्हटलं, "चौथी." ते "हं" म्हणाले. मी त्या गाठीकडे बघत होते, मग मॅडमकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. पंखा फिरत होता, कागद फडफडत होते, मॅडम अंगठ्यानं ते दाबून धरत होत्या... मला कुणी गप्प बसलेलं सहन होत नाही, विशेषतः माझ्यामुळे गप्प बसलेलं. मी म्हटलं, "चुकलं असंल, साहेब." झालं. त्यांनी तेच कागदावर लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. दोन दिवसांनी मला कामावरून कमी केलं.

मॅडमनी आठवड्याच्या आत माझं वसतिगृहाचं काम लावून दिलं. दर दिवाळीला साडी घेऊन यायच्या. मोरीच्या दाराशी उभ्या राहून लेकीचं विचारायच्या, गुडघ्याचं विचारायच्या. मी प्रत्येक वेळी वाट बघायचे. एकदा तरी म्हणतील, कस्तुर, त्या दिवशी... कधी म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवाळीला म्हणाल्या, "तुझ्या नळ्या अजून पुरतात बघ. परवाच्या खेपेतही तूच होतीस." म्हणजे बाटली धुवायला मी भरवशाची नव्हते, पण वजनाचा गोळा मीच होते. साडी घेऊन मी "हाव का" म्हटलं. शेवटची भेट यंदाच्या दिवाळीची. त्यांनी माझे हात बघितले, सोड्यानं उललेले. "हातमोजे घालत जा गं," म्हणाल्या आणि गेल्या.

तरी मी त्यांना धरून होते. मनाशी म्हणायचे, मॅडमना माहीत नसेल. घाईत दुसरीच बाटली हाताला आली असेल आणि त्यांनाही वाटलं असेल की मीच कधीतरी साबण लावला. मग पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, लावला असेन. माणूस एकच गोष्ट किती दिवस खरी धरून ठेवणार? काम सुटल्यावर वर्षभरानं नांदेडच्या बसस्टँडवर गयाबाई भेटली. मी तोंड चुकवून जात होते, तिनं पदर धरला. "का गं ढोले, आमच्या रगताचं काय झालं? कुणी आलं बी न्हाई सांगाया."

"सांडलं," मी म्हटलं.

"कुणाच्या हातनं?"

"माझ्या."

तिनं पदर सोडला. "तुझ्या तोंडाकडं बघून दिलं व्हतं बाई आम्ही," एवढंच म्हणाली आणि मुखेडच्या गाडीकडे गेली. मोठ्या सरांपुढे सही करताना मला जेवढं लागलं नव्हतं, तेवढं ते लागलं. मी तिथे मॅडमना वाचवलं असं मला वाटत होतं. गयाबाईपुढे मी नुसती खोटी ठरले होते.

मॅडम गेल्यावर तीन आठवड्यांनी एक रविवार मोकळा मिळाला, तेव्हा अव्वाला भेटायला लातूरला गेले. गाडी अहमदपूरवरून चाकूरला आली, माहेरचा फाटा आला, मी उतरले नाही. अव्वांना मी कधी बघितलं नव्हतं. ऐंशीच्या पुढच्या, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंग, डोळ्यांना जाड भिंगं. घरात त्या आणि शेजारची एक बाई. मी लॅबमधली आहे एवढंच सांगितलं. अव्वा रडल्या नाहीत. मॅडमच्या लहानपणच्या गोष्टी सांगत बसल्या. मी उंबऱ्याजवळ बसले होते, त्यांनी मला आत ओढून सतरंजीवर बसवलं. "मडी-बिडी गेली आता," म्हणाल्या. "लेकच गेली, न मडी कुणासाठी पाळू?"

तेवढ्यात लाईट गेली. खोलीतला इन्व्हर्टर टूं-टूं करायला लागला आणि पंखा मंदावला. अव्वा म्हणाल्या, "त्यातलं पाणी संपलं असंल. बघ बाई, खाली बाटली हाय, हाय का त्यात काही?"

मी वाकले. इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी, भिंतीच्या कोपऱ्यात, जाड पांढुरक्या प्लास्टिकची बाटली होती. तळाला बोटभर पाणी. गळ्याला लाल दोरा, मळून विटकरी झालेला. पेंढीची दुहेरी गाठ. दोन्ही टोकांना जळलेले काळे मणी.

मी तशीच खाली बसले. अव्वा बोलत होत्या. "माझ्या डोळ्याला पट्टी व्हती न, तवा लाईट लई जायची. पंखा बंद पडला की मी तळमळायची. लेक शनिवारी आली ती ही बाटली भरून घेऊन. म्हणली, आमच्या लॅबमधलं चोख पाणी हाय, बॅटरीला हेच चांगलं. मग भरभरून आणायची दुसऱ्या डब्यातनं, पण ठेवायची हिच्यातच. मला बजावून ठेवली व्हती, अव्वा, हिला साबण लावायचा न्हाई. मडीतली हाय." अव्वांना त्यातही थोडं हसू आलं. "दर खेपेला म्हणायची, ही परत न्यायची हाय, कस्तुरची हाय ही बाटली. न्यायची मातर न्हाई. उचलायची, पुसायची, परत ठेवायची." मग भिंगांतून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "तूच का गं कस्तुर?"

मी "हाव" म्हटलं.

म्हणजे त्या शनिवारी मी गेल्यावर त्यांनी सहातली एक बाटली आईच्या पंख्यासाठी घरी आणली. मला सांगितलं असतं तर मी स्वतः भरून दिली असती. सोमवारी सकाळी पाच राहिल्या हे बघून त्यांनी मांडणीवरची साबणाची एक घेतली आणि माझ्या रिळातला दोरा तिच्या गळ्यात बांधला, माझी मोजणी चुकू नये म्हणून. मशीनला कळेल हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? कदाचित वाटलं असेल, एखादा कण राहिला तर राहिला. बॅटरीचं पाणी... एवढंच होतं ते. सरांना सांगितलं असतं तर ते ओरडले असते, आणि दोन महिन्यांत विसरले असते. त्या मॅडम होत्या, त्यांना कुणी शिक्षण विचारलं नसतं. आणि त्या विसरल्याही नव्हत्या. तीन वर्षं त्यांनी ती बाटली उचलली, पुसली, माझं नाव घेतलं आणि परत ठेवली. माझं नाव त्यांना आईसमोर घेता आलं, सरांसमोर मात्र...

"अव्वा, ही मी नेऊ का?"

"ने की. तुझीच हाय."

पुढच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी मी मुखेडला गेले. गयाबाई वांगी विकत बसली होती. मी तिच्याजवळ उकिडवी बसून सगळं सांगितलं. एवढं मी एका दमात कुणाशी बोलले नसेन. पिशवीतून बाटली काढून दाखवली. तिनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, परत दिली. मग म्हणाली, "ती बाई मेली न?"

"हाव."

"मग आता मेलेल्या माणसावर ढकलून राहिलीस होय गं?" रागानं नाही म्हणाली. कीव केल्यासारखं म्हणाली, आणि एका गिऱ्हाइकाला वांगी जोखायला वळली. मी उठले. तिचं काही चुकलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. मॅडम असताना मी बोलले नाही, आणि आता बोलायची सोय त्या आपल्याबरोबर घेऊन गेल्या.

घरी आल्यावर बाटली आठ दिवस फडताळात होती. जेवताना दिसायची, झोपताना दिसायची. काल दुपारी मी ती काढली, मोरीत बसले आणि तिला साबण लावला. वडी घासून घासून, आत काथ्या घालून, बाहेरून, तळाला, झाकणाच्या आट्यांतसुद्धा. फेस हातावरून खाली वाहत होता. तीन वर्षं माझ्या नावावर असलेलं काम मी काल केलं. विसळली एकदाच.

दोरा सोडायला गेले होते, पण गाठ सुटली नाही. ओली झाल्यावर ती आणखीच आवळली. नखं लावून बघितली, मग सोडून दिली. बाटली आता खिडकीत वाळत पालथी घातली आहे. तेल ठेवायला बरी पडेल. दोरा राहू दे, गाठ माझी आहे.